लांडाऊ-क्लेफनर सिंड्रोम: मुलाची गेलेली भाषा आपोआप परत येते का?

चार-पाच वर्षांचे, गोष्टी सांगणारे, गाणी म्हणणारे मूल काही आठवड्यांत हाकेला ओ देईनासे होते आणि मग हळूहळू बोलणेही सोडून देते. कानांची तपासणी नीट येते, मेंदूचा एमआरआय नीट येतो, आणि झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) काढल्यावर कारण सापडते. हा लांडाऊ-क्लेफनर सिंड्रोम. या आजारातून काही मुले आपोआप बरी झाली आहेत, हे पालकांनी कुठेतरी वाचलेले असते आणि पहिला प्रश्न तोच येतो. म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

आपोआप बरे होणे खरेच घडते का?

घडते. पण "बरे होणे" या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या धरल्याशिवाय उत्तर कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे फिट्स आणि ईईजीतला बिघाड. या बाबतीत चित्र खूप आशादायक आहे. साधारण पंधरा वर्षांच्या आसपास, बहुतेकांमध्ये त्याआधीच, फिट्स थांबतात आणि ईईजी सुधारतो. औषधाने पूर्ण दाद न दिलेल्या मुलांमध्येही हे होते.

दुसरी गोष्ट भाषा. ती सगळ्यांची परत येत नाही. विल्यम लांडाऊ यांनी सहकारी मँटोवानी यांच्यासह १९८० मध्ये ९ रुग्णांचा, आजार सुरू झाल्यानंतर १० ते २८ वर्षांनी, आढावा प्रसिद्ध केला. त्यातले ४ जण पूर्ण बरे झाले होते, एकाला किरकोळ अडचण उरली होती आणि बाकी ४ जणांच्या भाषेत मध्यम स्वरूपाची उणीव कायम राहिली होती. संख्या लहान आहे, पण नंतरच्या अनुभवाचा सूरही साधारण हाच आहे: काही पूर्ण बरे, काही बऱ्यापैकी, काहींची भाषा कायमची अधू.

थोडक्यात, ईईजी आपोआप सुधारेल यावर बरीच भिस्त ठेवता येते. भाषा आपोआप परत येईल यावर तशी ठेवता येत नाही.

मग औषध न देता वाट पाहिली तर काय बिघडेल?

वेळ बिघडते. झोपेतल्या ईईजीतला बिघाड किती काळ चालला यावर भाषेचे भवितव्य बरेच अवलंबून असते. इंग्लंडमधल्या १८ मुलांच्या एका अभ्यासात (२००१) असे आढळले की ज्यांच्या झोपेतल्या ईईजीतला सततचा बिघाड ३६ महिन्यांपेक्षा जास्त टिकला, त्यांच्यापैकी एकाचीही भाषा पूर्ण सामान्य झाली नाही. बिघाड चौदाव्या वर्षी आपसूक थांबणारच असेल, पण तो पाचव्या वर्षी सुरू झाला असेल, तर मधली नऊ वर्षे म्हणजे भाषा, वाचन आणि शाळा यांची सगळी वर्षे. म्हणून "मोठा झाला की जाईल" हा सल्ला शब्दशः खरा असला, तरी त्यावर विसंबणे घातक आहे.

दुसरे कारण निदानाचे. भाषा अचानक जाणे हे इतर काही गंभीर आजारांचेही लक्षण असते आणि त्यांत थांबून चालतच नाही. त्याविषयी खाली सविस्तर लिहिले आहे.

हा आजार नेमका काय आहे?

अमेरिकेत सेंट लुईस इथे न्यूरॉलॉजिस्ट लांडाऊ आणि कर्णबधिर मुलांच्या संस्थेत भाषेवर काम करणारे फ्रँक क्लेफनर यांनी १९५७ मध्ये ६ मुलांचे वर्णन केले. या मुलांची आधी आलेली भाषा गेली होती आणि सोबत फिट्सचा विकार होता. आजार बहुधा ३ ते ८ वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. मुलग्यांमध्ये प्रमाण जास्त आहे. जपानमधल्या देशव्यापी पाहणीत शाळकरी वयातल्या सुमारे १० लाख मुलांमागे वर्षाला एक नवा रुग्ण, असे प्रमाण निघाले. त्यामुळे अनुभवी बालरोगतज्ज्ञाच्याही आयुष्यात असा एखादाच रुग्ण येतो, आणि निदानाला उशीर होतो तो बहुतेक यामुळेच.

कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या टेम्पोरल भागात, ऐकलेल्या आवाजाचा शब्द म्हणून उलगडा होतो. या आजारात तिथून विजेचे अनियमित ठोके निघत राहतात आणि गाढ झोपेत ते जवळजवळ अखंड होतात. कान आवाज पकडतो, पण त्यातून शब्द हाती लागत नाही. आपल्याला पूर्ण अनोळखी भाषा कानावर पडते तेव्हा आवाज येतो पण अर्थ लागत नाही, तसे या मुलाचे मातृभाषेबाबत होते. स्वतःचेच बोलणे कळेनासे झाल्यावर उच्चार बिघडतात, वाक्ये तुटतात आणि शेवटी मूल गप्प होते.

फिट्स सगळ्यांना येत नाहीत. साधारण दहापैकी सात-आठ मुलांना येतात, बहुधा झोपेत आणि अगदी मोजक्या. फिट कधीच न आलेल्या मुलालाही हा आजार असू शकतो, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात असू द्या.

आपोआप थांबतो तो का?

ठोके निर्माण करण्याची मेंदूची ही प्रवृत्ती वयाशी बांधलेली आहे. लहानपणी मेंदूतल्या जोडण्या भरमसाट असतात आणि गाढ झोपेतल्या संथ लहरी जोरकस असतात. पौगंडावस्थेकडे जाताना अनावश्यक जोडण्या छाटल्या जातात, संथ लहरींचा जोर उतरतो आणि ठोक्यांना मिळणारे खतपाणी तुटते. याच घराण्यातला सौम्य विकार म्हणजे रोलँडिक एपिलेप्सी. तीही पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत जवळपास सर्वांची आपोआप जाते.

निरोगी मुलाच्या झोपेत रात्र सरते तशी संथ लहरींची धार कमी होत जाते आणि दिवसभरात शिकलेले पक्के होते. अखंड ठोके असलेल्या मुलात ही उतरण होत नाही, असे झोपेच्या अभ्यासांत दिसले आहे. नुकसान होते ते इथे. फिट्स थांबल्या तरी झोपेतला ईईजी पाहण्याचा आग्रह डॉक्टर धरतात, तो म्हणूनच.

कोणत्या मुलाची भाषा परत येण्याची शक्यता जास्त?

उशिरा सुरू झालेल्या आजारात शक्यता जास्त. इतर मेंदूविकारांत लहान वय फायद्याचे ठरते, इथे उलटे आहे. मुलांच्या भाषाविकारांच्या अभ्यासक डोरोथी बिशप यांनी १९८५ मध्ये जुन्या नोंदी एकत्र करून दाखवले की पाच वर्षांच्या आत सुरू झालेल्या आजारात भाषेची हानी जास्त राहते आणि वय वाढते तसा निकाल सुधारतो. कारण समजण्याजोगे आहे: सात वर्षांच्या मुलाची भाषा मुरलेली असते, शिवाय त्याला वाचता येत असते. तीन वर्षांच्या मुलाची भाषा अजून बसायचीच असते.

झोपेतला बिघाड जितका कमी काळ टिकेल तितके चांगले. भाषा वर-खाली होत असेल, म्हणजे मध्येच काही दिवस शब्द परत येत असतील, तर आतली यंत्रणा शाबूत असल्याची ती खूण असू शकते. फिट्सची संख्या मात्र यात फारसे काही सांगत नाही. ढीगभर फिट्स आलेले मूल भाषेत पूर्ण सावरू शकते आणि एकही फिट न आलेले मागे राहू शकते.

हे बहिरेपण नाही आणि ऑटिझमही नाही, हे कसे कळते?

बहिरेपणासाठी बेरा चाचणी करतात, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे इलेक्ट्रोड लावून पाहतात. तिच्यात मुलाने प्रतिसाद द्यावा लागत नाही, झोपेतही होते. या आजारात ती सामान्य येते. हेडफोन लावून बटण दाबायला सांगणाऱ्या चाचणीवर एकटीवर विसंबू नये, कारण सूचना न कळल्यामुळे मूल चुकते आणि अहवालात श्रवणदोष दिसतो. त्यावरून श्रवणयंत्र बसवले की महिनेच्या महिने वाया जातात.

ऑटिझममध्ये बोलणे मागे जाते ते बहुधा दीड-दोन वर्षांच्या वयात, शब्द मोजके असताना. इथे वाक्यांत बोलणारे मूल तीन वर्षांनंतर मागे जाते. ते नजरेला नजर देते, हाताने खुणावते, भातुकली खेळते, आईला ओढत नेऊन वस्तू दाखवते. मात्र चिडचिड, आदळआपट, अतिचंचलपणा, झोप उडणे हे या आजारातही भरपूर असते, आणि न कळण्याच्या वैतागातून मूल माणसांपासून दूरही राहू लागते. त्यामुळे केवळ वागणुकीवरून निदान करू नये. तीन वर्षांनंतर भाषा मागे गेलेल्या प्रत्येक मुलाचा झोपेतला ईईजी व्हायला हवा, हे आमचे ठाम मत आहे.

भाषा जाण्यामागे आणखी कोणते आजार असू शकतात?

भारतात पहिल्यांदा आठवायचा तो एसएसपीई, म्हणजे गोवराच्या विषाणूमुळे काही वर्षांनी होणारा मेंदूचा आजार. लहानपणी, विशेषतः दोन वर्षांच्या आत, गोवर झालेला असतो आणि काही वर्षांनी मूल अभ्यासात मागे पडते, हातातून वस्तू पडतात, चालता चालता अंगाला हिसके बसून पडायला होते. पाठीतल्या पाण्यात गोवरविरोधी अँटिबॉडी तपासून निदान करतात.

मुलगा चार ते दहा वर्षांचा असेल तर अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी हा मेंदूचा आनुवंशिक आजार वगळावा लागतो. यातही सुरुवात "ऐकत नाही, लक्ष देत नाही" अशी होऊ शकते. एमआरआयमध्ये पांढऱ्या भागातले बदल दिसतात आणि रक्तात अतिलांब साखळीची मेदाम्ले वाढलेली असतात. हा आजार अगदी लवकर सापडला तरच अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उपयोग होतो.

काही दिवसांत भाषा गेली आणि सोबत विचित्र वागणे, तोंडाच्या-हातांच्या आपोआप हालचाली, झोप पूर्ण उडणे असे असेल, तर एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसची (शरीराच्या स्वतःच्याच अँटिबॉडींमुळे मेंदूला येणाऱ्या सुजेची) शंका घेऊन त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. लांडाऊ-क्लेफनरमध्ये हातापायांची ताकद जात नाही, चाल बिघडत नाही, नजर अधू होत नाही. यातले काहीही दिसले तर कारण दुसरीकडे शोधायचे.

झोपेतल्या ईईजीची तयारी कशी करावी?

जागेपणी काढलेला वीस मिनिटांचा ईईजी जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो, आणि अशा अहवालावर विसंबून निदान हुकलेली मुले कमी नाहीत. चिठ्ठीवर "झोपेतला ईईजी" असे स्पष्ट लिहून घ्या. रात्रभराचा व्हिडिओ ईईजी सर्वांत चांगला. तो शक्य नसेल तर गाढ झोपेसह झोपेचे किमान एक पूर्ण चक्र तरी टिपले जायला हवे.

आदल्या दिवशी शॅम्पूने केस धुवा. तेल लावू नका, तेलामुळे इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. दिवसाची तपासणी असेल तर रात्री उशिरापर्यंत जागवा आणि पहाटे उठवा. सर्वांत जास्त फसगत वाटेत होते: मूल रिक्षात किंवा बसमध्ये दहा मिनिटे डुलकी काढते आणि टेबलावर टक्क जागे राहते. म्हणून सोबत दोन मोठी माणसे असावीत, एक फक्त मुलाला जागे ठेवायला. रोजची चादर, खेळणे, दुधाची बाटली बरोबर न्या. नेहमीची औषधे स्वतःहून बंद करू नका.

झोपेचे औषध लागलेच तर मेलाटोनिन किंवा ट्रायक्लोफॉसचे सिरप वापरतात. मिडाझोलाम किंवा डायझेपाम दिल्यास ठोके दबतात आणि खरे चित्र दिसत नाही. मूल आधीपासून क्लोबाझाम हे फिट्सचे औषध घेत असेल तर ते तंत्रज्ञाला सांगा. अहवालात तशी नोंद हवी.

अहवालात "स्पाइक-वेव्ह इंडेक्स ९०%" लिहिले आहे. म्हणजे काय?

संथ लहरींच्या गाढ झोपेच्या एकूण वेळापैकी ९० टक्के वेळ ठोके चालू होते. पूर्वी ८५ टक्क्यांची रेघ मानत. आता ५० टक्क्यांवरही, भाषा मागे गेली असेल तर, उपचाराचा विचार करतात. आकडा मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे पुढचे ईईजी शक्यतो त्याच ठिकाणी काढावेत आणि आधीचे अहवाल सोबत न्यावेत. "ईएसईएस", "सीएसडब्ल्यूएस" आणि २०२२ च्या वर्गीकरणातले "ईई-स्वास" ही एकाच घराण्यातली नावे आहेत. लांडाऊ-क्लेफनर हा त्यातला भाषेवर घाला घालणारा प्रकार.

औषधे कोणती देतात? आणि कोणती टाळतात?

सहसा व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, लेव्हेटिरासिटाम, इथोसक्सिमाइड यांपैकी काही आणि भाषेसाठी स्टिरॉइड. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन यांनी झोपेतले ठोके वाढू शकतात. झोपेत फिट येणाऱ्या मुलाला रोलँडिक एपिलेप्सी समजून कार्बामाझेपिन सुरू होणे ही नेहमीची गोष्ट आहे. ते सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत बोलणे आणखी घसरले असेल, तर डॉक्टरांना तारखेनिशी सांगा. औषध एकदम थांबवू नका, बदल त्यांच्याकडूनच करून घ्या.

व्हॅल्प्रोएट घेताना सारख्या उलट्या, सुस्ती, कावीळ किंवा अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी दाखवा. यकृत आणि प्लेटलेट तपासाव्या लागतात. लेव्हेटिरासिटामने काही मुले कमालीची चिडखोर होतात. क्लोबाझामने लाळ आणि पेंग येते.

स्टिरॉइड आणि क्लोबाझाम यांची थेट तुलना करणारी चाचणी युरोपात झाली. अपेक्षेपेक्षा कमी, ४५ मुले मिळाल्यामुळे ती लवकर थांबवावी लागली आणि पक्का निर्णय लागला नाही. इतक्या दुर्मिळ आजारात पुरावा असाच तुटपुंजा असतो. दोन चांगले डॉक्टर वेगवेगळा क्रम सुचवतात, तेव्हा त्यांच्यातला एक चूकच आहे असे समजू नये.

स्टिरॉइडची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

दोन पद्धती आहेत. एक, रोज तोंडाने प्रेडनिसोलोन, सुरुवातीला वजनाच्या दर किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, आणि मग काही महिन्यांत हळूहळू कमी. दुसरी, शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन दर किलोमागे २० ते ३० मिलिग्रॅम, सलग ३ ते ५ दिवस, आणि पुढे ठरावीक अंतराने पुन्हा. मुलाचा नेमका डोस डॉक्टर ठरवतील. हे आकडे चिठ्ठी वाचता यावी म्हणून दिले आहेत.

सुरू करण्याआधी घरात कोणाला टीबी आहे का, मुलाला कांजिण्या होऊन गेल्या का, कोणत्या लसी राहिल्या, हे सांगा. गोळी सकाळी, पोटात काही गेल्यावर. मीठ, फरसाण, बिस्किटे आवरा, कारण भूक भयंकर वाढते. दर भेटीत रक्तदाब, वजन, उंची आणि साखर पाहिली जावी. दीर्घकाळ चालले तर डोळेही. जास्त डोस दोन आठवडे किंवा अधिक चालला असेल, तर जिवंत लसी औषध संपल्यानंतर किमान एक महिना पुढे ढकलतात. पल्स पोलिओच्या दिवशी दारावर थेंब घेऊन आले तरी आधी डॉक्टरांना विचारा. कांजिण्या आलेल्या मुलाशी संपर्क झाला तर लगेच फोन करा. आणि गोळ्या संपल्या म्हणून एक दिवसही खंड पाडू नका: शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बंद पडलेले असते, एकदम थांबवल्यास मूल कोसळू शकते.

शस्त्रक्रियेने भाषा परत येते का?

शिकागोचे फ्रँक मोरेल यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक समांतर छेद घेण्याची पद्धत आणली आणि सुरुवातीचे निकाल उत्साह वाढवणारे होते. पुढे २०१५ मध्ये लंडनच्या गटाने शस्त्रक्रिया झालेली आणि न झालेली मुले शेजारी ठेवून पाहिली. फरक दिसला नाही. आपोआप होणारी सुधारणा शस्त्रक्रियेच्या खात्यावर जमा होत होती, असा याचा सरळ अर्थ निघतो. आज ही शस्त्रक्रिया क्वचितच सुचवतात.

स्टेम सेल, विशेष आहार, काढे यांनी मूल बोलू लागल्याचे ऐकले आहे.

या आजारात भाषा स्वतःहून वर-खाली होते. पालक नवा उपाय करतात तो सहसा सर्वांत वाईट आठवड्यात, आणि सर्वांत वाईट आठवड्यानंतर बरा आठवडा येण्याची शक्यता तशीही असते. म्हणून अशा हकिगती खोट्या नसतात, पण श्रेय चुकीच्या ठिकाणी जाते. स्टेम सेल उपचाराला या आजारात आधार नाही, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेंदूविकारांसाठी तो मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर, पैसे घेऊन, करता येत नाही. कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) काही मुलांत उपयोगी पडतो, पण तो रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून-मापून द्यायचा असतो. भस्मे देऊ नका. त्यातला पारा किंवा शिसे आजारी मेंदूला परवडणारे नाही.

सुधारणा होते आहे की नाही, हे घरी कसे पाहावे?

रोजच्या अंदाजावर जाऊ नका, आशा आणि काळजी दोन्ही नजर फसवतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, टीव्ही-पंखा बंद करून तीन गोष्टी नोंदवा.

एक, दहा चित्रे पुढे मांडून एकेकाचे नाव घ्या आणि मूल किती बरोबर दाखवते ते लिहा. नाव घेताना तोंडापुढे कागद धरा आणि चित्राकडे बघू नका, कारण ही मुले ओठ आणि नजर वाचण्यात फार तरबेज होतात. दोन, हातवारे न करता पाच सोप्या सूचना: "डोळे मीट", "वाटी आण", "उडी मार", "दार लाव", "चप्पल घाल". क्रम दरवेळी बदला. तीन, पाठमोरे असताना घरातल्या आवाजांना प्रतिसाद: कुकरची शिट्टी, दारावरची बेल, फोन. पुष्कळ मुलांना शब्द कळेनासे होतात तेव्हा हे आवाजही ओळखू येत नाहीत.

दहापैकी ३, मग ४, मग २, मग ६ असा आलेख चढ-उताराचा असतो. चार-पाच आठवड्यांचे आकडे एकत्र पाहा. सोबत महिन्याला दोन मिनिटांचा व्हिडिओ ठेवा. डॉक्टरांना "थोडं बरं आहे" यापेक्षा ही वही कितीतरी जास्त सांगते.

भाषा परत येईपर्यंत मुलाशी बोलायचे कसे?

डोळ्यांनी. कानाची वाट बंद असली तरी बघण्याची उघडी असते. वाचता येणाऱ्या मुलासाठी सर्व काही लिहून दाखवा: खिशात छोटी वही आणि पेन. वाचता न येणाऱ्यासाठी दहा-पंधरा चित्रकार्डांनी सुरुवात करा: पाणी, भूक, शू, दुखतंय, नको, अजून, बाहेर, आजी, झोप. दिवसाचा क्रम चित्रांत भिंतीवर लावा, निम्मी चिडचिड तिथेच उतरते. मोठ्याने ओरडून काही साधत नाही, आवाज त्याला येतोच आहे. समोर बसून, छोट्या वाक्यात, खुणेसह बोला.

खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलायचे आळसावेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. ती सोडून द्या. खुणांची भाषा शिकलेल्या लांडाऊ-क्लेफनरच्या मुलांत बोलणे परत येण्यात तिचा अडथळा झालेला दिसला नाही, उलट मधल्या वर्षांत विचार, शिकणे आणि मैत्री चालू राहिली. स्पीच थेरपी ईईजी सुधारण्याची वाट न पाहता सुरू करावी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था इथे वाचा-श्रवणाचे तज्ज्ञ आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंत तपासणी होते.

घरी मराठी आणि शाळा इंग्रजी. एक भाषा बंद करावी का?

जी भाषा मुलाची सर्वांत मुरलेली आहे, आणि आजी-आजोबांसह सगळे घर जी सहज बोलते, तिच्यातच थेरपी आणि रोजचे बोलणे ठेवा. मराठी घरात ती मराठीच असणार. घरात मोडकेतोडके इंग्रजी बोलून मुलाच्या वाट्याचे शब्द कमी करू नका. शाळेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या भाषेचा भार तात्पुरता उतरवायला शाळेला सांगा.

वर्गात पहिल्या बाकावर, खिडकी आणि पंख्यापासून दूर, बाईंचा चेहरा दिसेल असे बसवा. सूचना फळ्यावर लिहिल्या जाव्यात, श्रुतलेखनाऐवजी बघून लिहायला मिळावे, तोंडी परीक्षेऐवजी लेखी. थोडे ऐकू उमजू लागल्यावर शिक्षकांच्या गळ्यातला माइक थेट मुलाच्या कानाशी जोडणारे एफएम यंत्र गोंगाटात उपयोगी पडते.

अपंगत्व प्रमाणपत्रासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व हा प्रकार आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज होतो. स्थिती बदलण्याची शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. "मूल बरे होणार आहे, मग शिक्का कशाला" असे म्हणून ते टाळू नका. परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक याच कागदावर मिळतात.

फिट आली तर?

कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलामचा नाकातला स्प्रे द्या आणि १०८ ला फोन करा. स्प्रेच्या एका दाबात किती औषध येते ते बाटलीनुसार बदलते, म्हणून किती दाब द्यायचे हे आधीच लिहून घ्या आणि बाटलीवर चिकटवा. अंघोळीला आतून कडी नको, विहीर-नदी-तलावात एकट्याने नको.

बोलू लागले होते, पुन्हा गप्प झाले. सगळे वाया गेले का?

नाही. स्टिरॉइड कमी करताना, ताप-सर्दीनंतर किंवा काही कारण न दिसताही घसरण होते. दोन-तीन दिवसांच्या घसरणीने घाबरू नका. दोन आठवडे सलग आकडे खाली राहिले तर झोपेतला ईईजी पुन्हा काढावा. ठोके परतले असतील तर उपचार पुन्हा वाढवतात आणि पुष्कळदा भाषा पुन्हा वर येते.

उलटही घडते: ईईजी स्वच्छ होतो, पण शब्द येत नाहीत. ठोके थांबणे म्हणजे रस्ता मोकळा होणे, त्यावरून चालायला मुलाला पुन्हा शिकावे लागते. याच काळात थेरपी थांबवली जाते आणि तोच सर्वांत मोठा तोटा असतो. सुधारणा ईईजीनंतर महिनोन्‌महिने, काहींमध्ये वर्षानुवर्षे चालू राहते.

औषधे कधी बंद होतात?

फिट्स नाहीत, झोपेतला ईईजी सुधारलेला आहे आणि भाषा स्थिर आहे, हे तिन्ही जुळल्यावर. तेही एकेक औषध, काही महिन्यांत हळूहळू, मध्ये ईईजी पाहत. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर किंवा शाळा बदलताना औषध कमी करायला घेऊ नये. घसरण झाली तर ती औषधामुळे की ताणामुळे हे कळत नाही.

मोठेपणी काय उरते?

पूर्ण सावरलेल्यांमध्येही गोंगाटात बोलणे पकडणे, फोनवरचा पत्ता किंवा नंबर ऐकून लक्षात ठेवणे, परकी भाषा कानाने शिकणे जड जाऊ शकते. शब्द तात्पुरते डोक्यात धरून ठेवण्याची ताकद थोडी कमी राहते. बुद्धी, विशेषतः बघून-करून शिकण्याची, बहुतेकांची चांगली असते. म्हणून चित्रकला, गणित, यंत्रकाम, संगणक यांची गोडी लहानपणीच लावावी. ज्यांची बोलीभाषा परत येत नाही ते लेखी आणि खुणांच्या भाषेवर शिकतात, काम करतात.

दुसऱ्या मुलालाही होईल का?

बहुतेक घरांत एकच मूल आजारी असते. २०१३ मध्ये जीआरआयएन२ए या जनुकातले बदल या आजारघराण्याशी जोडले गेले, पण ते थोड्याच रुग्णांत सापडतात. घरात इतर कोणाला लहानपणी फिट्स, उशिरा बोलणे किंवा अडखळते उच्चार असतील तर जनुक तपासणी जरूर करावी. बदल सापडला आणि तो आई-वडिलांपैकी एकात असला, तर प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता ५० टक्के. मात्र बदल असलेल्या व्यक्तींत आजाराची तीव्रता खूप वेगवेगळी असते: कोणाला फक्त झोपेतल्या दोन-चार फिट्स, कोणाला काहीच नाही. धाकट्या भावंडाचा उगाच ईईजी काढत बसू नये. त्याचे बोलणे थबकले किंवा उच्चार बिघडले, तर मात्र पहिल्याच महिन्यात झोपेतला ईईजी करून घ्यावा.